शिऱ्याला हात न लावलेले पाहुणे

माणसांचा पाय घसरतो तशी माझी जीभ घसरते, आणि तीही बोलताना नव्हे, खाताना. आजवर माझ्या हातून जी कामं बिघडली त्यांतली निम्मी तरी एखाद्या भट्टीसमोरच्या बाकावर बसून बिघडली आहेत. त्यांतलं एक तर असं बिघडलं होतं, की आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की आधी हात कानाला जातो आणि मग हायसं वाटतं.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. बुलढाण्यात आमचं बिऱ्हाड कोर्टाच्या मागच्या आळीत. वडील कोर्टात कारकून. मी मॅट्रिकनंतर एका कचेरीत हंगामी चिकटलेला, म्हणजे हंगाम संपला की घरी. बाबांचा एक कायदा होता, तो कोर्टातल्या कुठल्याही कायद्यापेक्षा कडक. हॉटेलात खातो तो उनाड. "हॉटेलात दिसला तं घरात पाऊल ठेवू नको," असं ते मला महिन्यातून एकदा तरी सांगत. मी महिन्यातून एकदा तरी "हाव, बाबा" म्हणत असे.

आता बुलढाण्यात तेव्हा हॉटेल हॉटेल म्हणजे ते काय? एक मातीची भट्टी, दोन बाकं, धुरानं काळवंडलेले चार देव आणि कढईत फुगत असलेला आलूबोंडा. पण तो आलूबोंडा बशीत फोडून त्यावर लाल तर्री ओतली, तेलाचा तवंग कडेकडेला सरकला आणि वरून कच्चा कांदा पडला, की मला बाबा, कचेरी, अब्रू काहीच दिसत नसे. स्टँडजवळचा बोंडा, बाजारातली जिलेबी, चावडीच्या मागच्या खानावळीतली पातोडी. गावाचा नकाशा मी असा पाठ केला होता. कुणी पोस्ट कुठं म्हणून विचारलं, तर कचोरीवाल्याच्या पुढं, असं सांगायचो.

त्या हिवाळ्यात ताईला पाहायला लोणारकडचे पाहुणे यायचे होते. ताई माझ्याहून मोठी. याआधी तीन ठिकाणचे लोक येऊन, पाहून, खाऊन गेले होते आणि नंतर कळवतो म्हणून त्यांनी कळवलं नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. पण आई हल्ली ताईची वेणी दोनदा सोडून पुन्हा घालायची. या वेळचा मुलगा शाळेत मास्तर होता. त्याला वडील नव्हते; सगळं मामाच्या हाती.

आदल्या संध्याकाळी ताई ओसरीत वाटाणे सोलत होती. मी सोललेले खात होतो.

"उद्या जरा नीट राह्यजो," ती म्हणाली.

"मले काय पाहून राह्यले का ते?"

"तसं नाही रे." तिनं दोन शेंगा उगीच मोडल्या. "मी पाह्यलंय मास्तराईले. मेहकरच्या लग्नात. पंगतीत वाढत होते. एका म्हातारीच्या पानात भाजी वाढाच्या आधी वाकून इचारलं, आजी, तिखट आहे, चालंन का? बाकीचे नुसते बादली आपटत चालले होते."

एवढंच बोलली. पण माझी ताई वाढप्यांच्या गोष्टी सांगणारी मुलगी नव्हती. मी वाटाणे खायचा थांबलो, यावरून तुम्ही ओळखा.

मला काम एकच दिलं होतं. दुपारच्या गाडीनं पाहुणे उतरतील, त्यांना सरळ घरी आणायचं. 'सरळ' हा शब्द बाबांनी दोनदा म्हटला. मी सकाळीच स्टँडवर गेलो. लवकर काऊन गेलो, असं विचाराल तर उत्तर कढईत होतं. बाजाराचा दिवस, घाटाखालून आलेल्या गाड्या, लोकांची झुंबड, आणि पहिल्या घाण्याचे बोंडे. पहिला घास तोंडात आहे तोच मागून आवाज आला.

"इथं कोर्टात कारकून आहेत, त्यांचं घर कुठं आलं?"

धोतर, काळी टोपी, रुंद माणूस. मागं एक सडपातळ तरुण, हातात पिशवी, नजर स्वतःच्या वहाणांवर. हॉटेलवाल्यानं झारा माझ्याकडे रोखला.

"हे काय, त्याईचाच पोरगा हाय. बोंडा संपला की बोलंन."

बोंडा गरम होता. मी तो तसाच गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच डोळ्यांनी मी भावी मेहुण्याला नमस्कार केला. त्याला वाटलं असेल, काय भावुक घराणं आहे.

"आम्हाला सकाळचीच गाडी मिळाली. म्हटलं, चला," मामा म्हणाले. "जायचं का घरी?"

इथं माझ्या डोक्यानं काम केलं, आणि ते काम करतं तेव्हाच भीती असते. घरी आत्ता काय चाललं असेल ते मला दिसत होतं. बाबा अर्ध्या रजेवर, म्हणजे अजून कोर्टात. आई चुलीपुढं घामाघूम. ताई न्हाऊन अंगणात ओले केस सोडून बसलेली. अशात पाहुण्यांना नेऊन उभं केलं तर? त्यापेक्षा दुपारपर्यंत यांना गुंतवून ठेवावं. आणि माणसाला गुंतवायची मला एकच रीत ठाऊक होती.

"मामा, थंडीतून आले तुम्ही. बसा. एकेक बोंडा घेऊ."

"नको नको, घरी जाऊनच..."

"मले वाईट वाटंन हो."

मामा बसले. मुलीच्या भावाला वाईट वाटू द्यायचं नाही, म्हणून बसले. मी दुसरा मागवला. त्यांनी नको म्हटलं नाही, म्हणून मी तिसरा मागवला. ते सभ्यपणानं खात होते, मी सभ्यपणानं मागवत होतो. या सभ्यपणाला कुठं तरी कुंपण असतं हे आम्हा दोघांनाही माहीत नसावं. मास्तरांनी तर्रीचा पहिला घास घेतला, कान लाल झाले, पण माणूस हूं की चूं नाही. मी मनात त्यांना पास केलं.

मग कचोरी. शेगावच्या स्टेशनावरची कचोरी ज्यानं खाल्ली आहे त्याला आमच्याकडची खाऊ घालणं हे धाडसच, पण मी म्हटलं, "शेगावची ईसरसान." मामा शेगावला दर वर्षी दर्शनाला जाणारे निघाले. त्यांनी कचोरी चावली, विचार केला आणि म्हणाले, "विसरलो नाही अजून. पण खातो."

तिथून बाजारात. मामा भाजीपाला पिकवणारे, त्यामुळे बाजारात त्यांची कळी खुलली. मेथीच्या जुड्या उलट्या करून पाहा, हरभऱ्याचे डहाळे हुंगून पाहा, असं करत ते एका वांगीवालीपुढं उकिडवे बसले.

"बाई, वांगी कधी तोडली?"

"आज पाहाटं."

"पाहाटं? देठ बघा की. परवाची आहेत ही."

"परवाची असतीन तं माह्या डोयात माती! घ्याचं तं घ्या, नाही तं सरका तिकडे. गिऱ्हाईक उभं हाय मांगं."

मामा उठले आणि खूश होऊन मला म्हणाले, "बाई खरी आहे. देठाचं मी मुद्दाम म्हटलं. खोटं बोलणारी लगेच भाव कमी करते." मग शेजारच्या कढईतली जिलेबी आली. ती गरम असतानाच खायची असते, हे मी त्यांना खाऊ घालत घालत समजावलं. मास्तर हळूच म्हणाले, "मला खरंच बस झालं." मी म्हटलं, "गोडाले नाही म्हणू नये, मास्तर." त्यांनी ती एवढीशी मोडून, पाण्याबरोबर औषध घेतात तशी घेतली.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी, मी कसा? चावडीमागच्या खानावळीत बेसनाच्या वड्यांचा रस्सा, म्हणजे पातोडी, त्या दिवशी झाली होती. तिचा वास अख्ख्या बोळात. ज्वारीची भाकर, पातोडी, मिरच्यांचा ठेचा. मामांनी पाटावर बसताना भिंतीचा आधार घेतला.

"पाव्हणं, घरी जायचंय ना आपल्याला?"

"जाऊ नं. घर कुठी पयून राह्यलं?"

त्यावर मामांनी मास्तरांकडे पाहिलं आणि मास्तरांनी मामांकडे. मला ती तृप्तीची नजर वाटली. मी भाकर वाढायला सांगितली.

दुपारी ठरल्या वेळी मी दोघांना घेऊन दारात हजर. बाबा कोट घालून उभे. त्यांनी विचारलं, "गाडी बरोबर आली नं?" मी म्हटलं, "हो हो, आत्ताच उतरले." मामांनी पुन्हा मास्तरांकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, मामा समजूतदार आहेत, माझं पितळ उघडं पाडत नाहीत.

आता आमच्याकडची एक सोय इथं सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. मुलगी पाहायला आले की बशीत पोहे आणि शिरा येतो. पाहुण्यांनी शिरा उष्टावला, म्हणजे पुढं बोलायला हरकत नाही. शिऱ्याला हात न लावता नुसतं पाणी मागितलं, म्हणजे आमचं जमत नाही, राग मानू नका. तोंडानं कुणी कुणाला नाही म्हणत नाही. शिराच बोलतो. आधीच्या तिघांनी निदान दोन घास खाल्ले होते. खाऊन कळवलं नाही ती गोष्ट वेगळी.

आणि तो शिरा साधा नव्हता. साखर रेशनवर मिळायची. आईनं दोन महिने चहात गूळ घालून ती साठवली होती.

ताई आली. हिरवं लुगडं, वेणीत शेवंती. तिनं बशा ठेवल्या आणि समोर बसली. मास्तरांनी एकदा वर पाहिलं. पुढं सगळा वेळ बशीकडे. मामांनीही बशीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. तूप सुटलेला, वेलदोड्याचा वास येणारा तो शिरा पाहून त्या धिप्पाड माणसाच्या कपाळावर घाम फुटला. हात बशीपर्यंत गेला, थबकला, पोटावर आला.

"घ्या नं," बाबा म्हणाले.

"घेतो की." मामांनी बशी दोन बोटं पुढं सरकवली. "जरा पाणी मिळेल?"

माजघराच्या दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चमचा उचलला होता. तो त्यांनी परत बशीत ठेवला आणि तेही म्हणाले, "मलाही पाणी."

ताईनं पाणी दिलं. तिनं बशा उचलल्या, भरलेल्या होत्या तशा, आणि आत गेली.

बाबांनी कोटाचं बटण लावलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "परतीची गाडी कितीची आहे तुमची?"

मामा लगेच उठले. "हो हो, निघायलाच पाहिजे."

मी तिथंच होतो. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, बाबा, यांनी नाही म्हटलेलं नाही, यांच्या पोटात चार हॉटेलं आहेत. एवढंच वाक्य. पण त्या वाक्यात 'हॉटेल' हा शब्द होता, आणि समोर बाबा होते. माझी जीभ, जी जगातल्या कुठल्याही पदार्थासाठी हलते, ती टाळ्याला चिकटून बसली. बाबा पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले.

मी माजघरात गेलो. आई बशीतल्या शिऱ्याकडे पाहत होती.

"काय कमी होतं बे याच्यात? साखर कमी पडली का?"

"नाही, आई."

"तूप?"

ताई चुलीजवळ उभी होती, पाठ करून. वेणीतली फुलं काढत होती, एकेक, घाई न करता. ते मला बघवलं नाही. मी तिच्या पाठीलाच सगळं सांगून टाकलं. बोंडे, कचोरी, जिलेबी, पातोडी, ठेचा, भाकर. मध्येच आई "अरे देवा!" म्हणाली, मध्येच "पातोडीसुद्धा?" म्हणाली.

ताई वळली. हातात कालथा होता. तो माझ्या दंडावर बसला, चांगला सणसणीत.

"सहा जणाचं खाऊ घातलं तू त्याईले! आन् वरून शिरा?"

"ते नको म्हणत नव्हते नं!"

"कसे म्हणतीन? पोरीचा भाऊ तू!" दुसरा फटका. मग ती थांबली. काहीतरी जुळलं तिच्या मनात. तिनं फडताळातला आईचा कडीचा पितळी डबा काढला, त्यात पातेल्यातला शिरा दाबून भरला, आणि कडी लावून माझ्या छातीवर आदळला.

"पय. त्याईच्या हाती दे. कोणी पाठवला ते सांग. घेतला तं घेतला. नाही घेतला तं वापस घेऊन ये. मंग मी काही बोलनार नाही."

"अन् बाबा?"

"बाबाले मी पाह्यतो," आई म्हणाली. "तू पय आधी!"

मी पळालो. पोटात तीन बोंडे, पातोडी आणि वर पश्चात्ताप. बाजार उठायला लागला होता, गाड्या आडव्या, वांगीवालीच्या पाटीत मी जवळजवळ पाय घालणार होतो. "आंधळा हाय काय बे!" असं तिनं मला माझ्या पाठीमागून स्टँडपर्यंत ऐकवलं.

गाडी उभी होती, चालू होती. मामा खिडकीशी, डोळे मिटून, ओवा चघळत. मला पाहून त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

"आता काय खायला आणलं, पाव्हणं?"

"मामा, चूक झाली. तुमचं पोट मी भरलं. घरी माहीत नव्हतं. तुम्ही शिरा खाल्ला नाही तं घरचे समजले, तुमची नाराजी हाय."

"आमची?" मामा ताठ बसले. "अहो, नाराजी तुमची! आमच्याकडं ज्याला मुलगी द्यायची नसते तो पाहुण्याला घरचं मीठ लागू देत नाही. बाहेरच पोटभर खाऊ घालून मग घरी नेतो, म्हणजे कुणाला कुणाचं बंधन नाही. तुम्ही सकाळपासून आम्हाला भट्टी-भट्टी फिरवायलात. घरी गेलो तर म्हणता, आत्ताच उतरले! मग वडिलांनी गाडीची वेळ विचारली. आता आम्ही काय समजावं?"

म्हणजे मी जितकं प्रेमानं खाऊ घातलं, तितका त्यांना नकार पक्का होत गेला होता. जिलेबीपर्यंत त्यांना शंका होती. पातोडीनं खात्री केली.

"मंग माही भाकर काऊन घेतली तुम्ही?" मी विचारलं. काय विचारावं याचं भान नव्हतं.

"नकार असला तरी पातोडी चांगली होती," मामा म्हणाले.

कंडक्टरनं घंटी मारली. मी डबा खिडकीतून आत ढकलला, पण मामांकडे नाही, त्यांच्या पलीकडे, मास्तरांकडे. "ताईनं पाठवला. तिनं स्वतः."

मास्तरांनी डब्याकडे पाहिलं. त्यांचं पोट किती भरलेलं होतं हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कडी काढली, बोटांनी शिऱ्याचा एक घास घेतला, भला मोठा, आणि तोंडात टाकला. चावताना डोळे मिटले. सुखानं मिटले की नाइलाजानं, ते मी कधी विचारलं नाही. मग डबा मामांपुढं धरला. मामांनी आभाळाकडे पाहिलं, एक उसासा सोडला आणि चिमूटभर जिभेवर ठेवला.

"वडिलांना म्हणावं, येत्या आठवड्यात बोलायला या. आणि पाव्हणं..."

"हो मामा?"

"तुम्ही नका येऊ. आलात तर उपाशी या. आम्हालाही सूड घ्यायचाय."

गाडी हलली. मास्तरांनी डबा मांडीवर घेऊन त्याची कडी नीट लावली, दोन्ही हातांनी धरला आणि तसेच गेले.

मी घरी आलो तेव्हा ताई दारातच होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं. हात मोकळे होते. ती दाराला टेकली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

आई मागून आली. "डबा कुठी हाय?"

"गेला."

"गेला म्हंजे? माह्या माहेरचा डबा तो! कडीचा! तुले एक काम धड..." आणि मग तिला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला.

बाबा झोपाळ्यावर होते. आईनं त्यांना 'पाहिलं' असावं, कारण ते ओरडले नाहीत. एक मात्र केलं. पाहुण्यांच्या त्या दोन बशा, पोहे आणि शिरा, तशाच ठेवल्या होत्या, त्या माझ्यासमोर मांडल्या.

"बस. खा."

"बाबा, मले भूक नाही."

"हॉटेलात होती नं? खा."

मी बसलो. पहिला घास गेला. दुसरा गळ्याशी उभा राहिला. मामांच्या कपाळावरचा घाम आता माझ्या कपाळावर होता. तिसऱ्यासाठी हात उचलतो तोच ताई शेजारी येऊन बसली. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिनं माझ्यापुढची बशी ओढली, बाबांकडे पाहिलं आणि खायला लागली. थंड झालेला शिरा, तसाच, घासामागून घास. दुसरी बशीही तिनंच संपवली, आणि मग आईला विचारलं, पातेल्यात आणखी आहे का.